चाकांवरचं घर: स्थावर की जंगम, आणि नफा नेमका कशातून?

'मोबाईल होम' म्हटलं की आपल्याकडे दोन चित्रं डोळ्यांसमोर येतात. एक म्हणजे शूटिंगच्या जागी उभी असलेली व्हॅनिटी व्हॅन, दुसरं म्हणजे परदेशी सिनेमात दिसणारी, गाडीमागे जोडलेली फिरती खोली. या लेखापुरती दोन्ही बाजूला ठेवा. अमेरिकेत आज सुमारे २ कोटी माणसं ज्या घरांत राहतात ती घरं कारखान्यात पोलादी सांगाड्यावर बांधली जातात, त्या सांगाड्याला चाकं लावून एकदा रस्त्याने ओढत नेली जातात आणि जिथे ठेवली तिथेच बहुधा आयुष्यभर राहतात. चाकं काढून टाकतात किंवा झाकून टाकतात. नाव मात्र 'मोबाईल'.

मागच्या दोन लेखांत आपण सर्व्हायव्हल अनॅलिसिस बघितलं होतं, म्हणजे एखादी घटना किती काळाने घडते याचा अभ्यास. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं की संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मी कर्जाच्या इतिहासात कशाला शिरले. त्याचं उत्तर हा लेख आहे. माझ्या प्रबंधाचा विषय कर्जं थकण्याचा कालावधी हा आहे, आणि या विषयात ज्या बाजाराकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं तो म्हणजे हा चाकांवरच्या घरांचा बाजार. गेल्या नव्वद वर्षांत यात नफा कमवायला किती तरी हुशार माणसं उतरली आणि त्यातली बरीच बुडाली. का बुडाली, हे समजून घेताना तुमच्या हाताला एक चांगला संशोधनप्रश्न लागू शकतो.

सुरुवात आपल्याच दोन शब्दांपासून करू: स्थावर आणि जंगम. हे शब्द आपल्याकडे तलाठ्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांना माहीत असतात. जमीन आणि घर स्थावर. गाडी, दागिने, गुरंढोरं जंगम. स्थावराची नोंद सातबारावर नाही तर प्रॉपर्टी कार्डावर, गाडीची नोंद आरसी बुकात. आता अशी कल्पना करा की तुमच्या राहत्या घराला सातबारा नाही, आरसी बुक आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत या घरांचं तसंच आहे. कागद वाहनाचा, वापर घराचा. घर तुमचं, पण त्याखालची जमीन अनेकदा दुसऱ्याची. पुढच्या सगळ्या भानगडी या एका विसंगतीतून निघतात, त्यामुळे ती डोक्यात पक्की ठेवा.

ही विसंगती कुणी बसून ठरवलेली नाही, ती हळूहळू तयार झाली. डेट्रॉईटमध्ये आर्थर शेरमन नावाचे एक जीवाणुशास्त्रज्ञ होते. (हो, विज्ञानवाले! आपली माणसं कुठेही सापडतात.) घरच्यांना घेऊन सहलीला जाताना तंबूची ट्रेलर वापरून वैतागले आणि त्यांनी लाकडी भिंतींची खोली चाकांवर बसवून घेतली. १९३० च्या जानेवारीत डेट्रॉईटच्या मोटार प्रदर्शनात ती मांडली. तिचं नाव 'कव्हर्ड वॅगन', आणि याच नावाची कंपनी १९३६ पर्यंत या धंद्यातली सर्वांत मोठी झाली. महामंदीचा काळ होता. जी वस्तू सहलीसाठी बनवली होती तिच्यात काम शोधत फिरणारी माणसं राहायला लागली.

इथे रॉजर बॅबसन यांचा उल्लेख करायलाच हवा. सप्टेंबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळणार असं जाहीरपणे सांगणारे म्हणून हे गृहस्थ प्रसिद्ध होते. त्यांनीच तिशीच्या दशकाच्या मध्यावर भाकीत केलं की वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहायला जाईल. पैसे गुंतवणाऱ्यांची झुंबड उडाली, शेकडो लहान कारखाने निघाले. १९३७–३८ मध्ये मंदी परत आली आणि त्यातले बरेच बंद पडले. आता बॅबसन यांची थट्टा करणं सोपं आहे. पण पद्धत म्हणून बघा: चार-पाच वर्षांची चढती रेघ घेतली आणि ती पट्टीने सरळ पुढे ओढली. पीएचडीच्या पहिल्या सादरीकरणात आपल्यापैकी निम्मे लोक हेच करतात, फक्त त्याला रिग्रेशन म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धाने हा धंदा वाचवला. युद्धसामग्रीच्या कारखान्यांजवळ कामगारांना राहायला जागा नव्हती, म्हणून सरकारने हजारोंनी ट्रेलर विकत घेतले. युद्ध संपल्यावर सैनिक परतले, घरांचा तुटवडा तसाच राहिला, आणि ट्रेलर हा तात्पुरता निवारा कायमचा होत गेला.

मग १९५४ च्या सुमाराची एक गोष्ट, जी मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते. तोवर ट्रेलरची रुंदी ८ फुटांच्या आत असायची, कारण रस्त्यांचे नियम तसे होते. विस्कॉन्सिन राज्यातल्या मार्शफील्ड गावचे कारखानदार एल्मर फ्रे यांनी १० फूट रुंदीचं घर काढलं. नेहमीच्या गाडीमागे जोडून ते नेता येत नव्हतं. त्याला खास परवाना आणि ट्रक लागायचा. दोन फुटांनी काय फरक पडतो? तर ८ फुटांत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला मधल्या खोलीतूनच जावं लागतं. १० फुटांत बाजूने बोळ काढता येतो आणि झोपायच्या खोलीला दार येतं. म्हणजे ते घर होतं. 'मोबाईल होम' हा शब्द रूढ करण्याचं श्रेयही फ्रे यांनाच दिलं जातं. गंमत बघा, घर फिरतं म्हणवू लागलं ते नेमकं फिरेनासं झालं तेव्हा. पुढे १२ फुटी, १४ फुटी घरं आली आणि हलवणं आणखी अवघड झालं.

हलत नाही म्हटल्यावर ते ठेवायचं कुठे हा प्रश्न आला. शहरांनी आपापल्या नियोजनात या घरांना नेहमीच्या वस्त्यांत येऊ दिलं नाही. मालमत्ता कर देत नाहीत, वस्तीची शोभा घालवतात, अशी तक्रार. मग गावाबाहेर, रेल्वेमार्गाजवळ, पूर येणाऱ्या सखल जागी 'पार्क' उभे राहिले. पार्कमालक जमिनीचे आखीव तुकडे पाडतो, पाणी, वीज, सांडपाण्याची जोडणी देतो आणि दरमहा जागाभाडं घेतो. घरमालक आणि भाडेकरू ही दोन्ही नाती एकाच माणसाच्या वाट्याला आली.

यानंतरची दोन दशकं भरभराटीची. १९७२ मध्ये एका वर्षात कारखान्यांतून पावणेसहा लाखांच्या आसपास घरं बाहेर पडली. तीन वर्षांत, म्हणजे १९७५ पर्यंत, हा आकडा सुमारे २ लाख १२ हजारांवर आला. तेलाचं संकट, मंदी, आणि सढळ हाताने दिलेली कर्जं थकल्यामुळे सावकारांच्या अंगणात साचलेली जप्तीची घरं. हे शेवटचं कारण लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

याच काळात संसदेने १९७४ मध्ये कायदा केला आणि १५ जून १९७६ पासून सगळ्या देशाला एकच बांधकाम संहिता लागू झाली. त्या तारखेनंतरच्या प्रत्येक घराच्या प्रत्येक भागावर लाल धातूची छोटी पट्टी ठोकलेली असते. पट्टी असेल तर कायद्याच्या भाषेत 'मॅन्युफॅक्चर्ड होम', त्याआधीचं असेल तर 'मोबाईल होम'. १९९२ मध्ये फ्लोरिडात अँड्र्यू वादळाने या घरांची वाताहत केल्यावर १९९४ मध्ये वाऱ्याबद्दलचे नियम अजून कडक झाले. घरं खरोखर सुधारली. पण पोलादी सांगाडा कायम असलाच पाहिजे ही अट राहिली, आणि वाहनासारखा कागदही बहुतेक ठिकाणी राहिला.

आता मुख्य भागाकडे येते. इथे थोडं गणित आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

घर स्थावर असेल तर गृहकर्ज मिळतं. जंगम असेल तर गाडीसारखं कर्ज मिळतं: व्याज जास्त, मुदत कमी, आणि हप्ते थकले तर जप्ती झटपट. १९९० च्या दशकात मिनेसोटातली ग्रीन ट्री फायनान्शियल ही कंपनी या कर्जांची सर्वांत मोठी सावकार होती. तिने आणि तिच्या मागोमाग इतरांनी एक बदल केला. पूर्वी ही कर्जं साधारण १५ वर्षांची असत, ती ३० वर्षांपर्यंत नेली. ग्राहकाला वाटलं हप्ता कमी झाला. झाला किती ते करून बघू. आकडे माझे आहेत, नुसते समजण्यापुरते.

समजा घर ३०,००० डॉलरचं आहे, सगळी रक्कम कर्जाने घेतली आणि व्याज वर्षाला १२ टक्के. १५ वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता येतो साधारण ३६० डॉलर. ३० वर्षांच्या मुदतीत साधारण ३०९. म्हणजे महिन्याला ५१ डॉलर वाचले. आता पाच वर्षांनी मुद्दल किती उरलं ते बघा. १५ वर्षांच्या कर्जात उरतात सुमारे २५,१०० डॉलर. ३० वर्षांच्या कर्जात उरतात सुमारे २९,३००. पाच वर्षांत साडेअठरा हजार डॉलर भरले आणि मुद्दल फिटलं फक्त ७०० डॉलर!

आणि घर? ते भाड्याच्या जागेवर उभं आहे, त्याला गाडीसारखा घसारा लागतो. वर्षाला ५ टक्के धरला तर पाच वर्षांनी त्याची किंमत २३,२०० डॉलर. १५ वर्षांच्या कर्जवाल्याने घर विकलं तर १,९०० कमी पडतात, म्हणजे इकडून तिकडून जमवून निभावेल. ३० वर्षांच्या कर्जवाल्याला ६,१०० कमी पडतात. नोकरी गेली, घटस्फोट झाला, आजारपण आलं, तर हा माणूस घर विकून सुटू शकत नाही. चावी सावकाराच्या टेबलावर ठेवून निघून जाणं हाच त्याचा शहाणपणाचा मार्ग उरतो. कागदावर मुदत वाढवली होती, प्रत्यक्षात थकण्याची शक्यता वाढवली होती.

मग कंपनीला हे दिसत नव्हतं का? इथे हिशेबाची एक पद्धत आड आली, तिला 'गेन ऑन सेल' म्हणतात. ग्रीन ट्री ही कर्जं स्वतःकडे ठेवत नव्हती, त्यांचे गठ्ठे करून रोखे म्हणून विकत होती. गठ्ठा विकला की पुढच्या अनेक वर्षांत जे व्याज हाती राहील असं वाटतं त्याची आजची किंमत काढायची आणि ती आजच्याच नफ्यात धरायची. ही किंमत दोन अंदाजांवर उभी असते: किती लोक कर्ज थकवतील आणि किती लोक मुदतीआधी फेडतील. अंदाज थोडे गुलाबी ठेवले की नफा आजच फुगतो. कंपनीचे प्रमुख लॉरेन्स कॉस यांचं मानधन नफ्याशी बांधलेलं होतं; १९९६ मध्ये ते १० कोटी डॉलरच्या पुढे गेलं. पुढच्याच वर्ष-दोन वर्षांत व्याजदर उतरले, लोक अंदाजापेक्षा लवकर कर्ज फेडू लागले, आणि कंपनीला आधी दाखवलेला नफा मागे घ्यावा लागला.

सर्व्हायव्हल अनॅलिसिसवाल्यांनी इथे कान टवकारायला हवेत. नवं कर्ज पहिल्या काही महिन्यांत फारसं थकत नाही. थकण्याचा धोका हळूहळू चढतो, काही वर्षांनी शिखराला पोचतो. कंपनी वेगाने वाढत असेल तर तिच्या गठ्ठ्यात कायम कोवळी कर्जं जास्त असतात, आणि 'आज एकूण कर्जांपैकी किती थकलीत' हा साधा टक्का कायम छान दिसतो. वाढ थांबली की तोच टक्का अचानक वाईट होतो, जरी एकाही कर्जदाराची वागणूक बदललेली नसली तरी. म्हणून कर्जं वर्षवार तुकड्यांत, म्हणजे कोहॉर्टमध्ये, बघायची. मुलाखतीत 'सेन्सॉरिंग म्हणजे काय' असं विचारलं तर व्याख्या म्हणण्यापेक्षा हे उदाहरण द्या.

१९९८ मध्ये इंडियानातली विमा कंपनी कॉन्सेको हिने ग्रीन ट्री सहा अब्ज डॉलरहून जास्त किंमत देऊन विकत घेतली. त्याच वर्षी घरांचं उत्पादन पुन्हा ३ लाख ७३ हजारांच्या आसपास पोचलं होतं, सगळं छान दिसत होतं. मग सत्तरीतली गोष्ट परत झाली. कर्जं थकली, घरं जप्त झाली, जप्तीची घरं स्वस्तात बाजारात आली. त्यामुळे नवी घरं खपेनात, जुन्यांच्या किमती अजून पडल्या, आणि आणखी कर्जदार बुडीत निघाले. पाठ्यपुस्तकात आपण प्रत्येक कर्ज थकणं ही स्वतंत्र घटना धरतो. इथे एकाचं थकणं दुसऱ्याच्या घराची किंमत पाडत होतं. स्वातंत्र्याचं गृहीतक गेलं की सगळं मॉडेल गेलं. नोव्हेंबर २००२ मध्ये घरं बनवणारी आणि त्यासाठी कर्जंही देणारी ओकवुड होम्स दिवाळखोरीत गेली. पुढच्याच महिन्यात कॉन्सेको. एन्रॉन आणि वर्ल्डकॉमनंतरची, तोवरची तिसऱ्या क्रमांकाची मोठी दिवाळखोरी. २००३ मध्ये उत्पादन सुमारे १ लाख ३१ हजारांवर आलं, २००९ मध्ये ५० हजारांच्याही खाली. २००८ च्या गृहकर्ज संकटावर ढिगाने प्रबंध लिहिले गेले. त्याची ही रंगीत तालीम दहा वर्षं आधी, गरिबांच्या घरांवर झाली होती, आणि तिच्यावर तुलनेने फार कमी लिहिलं गेलंय. वॉरन बफे यांनी आपल्या भागधारकांना लिहिलेल्या पत्रात हे साम्य दाखवून दिलं होतं.

बफे यांचं नाव आलंच आहे तर एक किस्सा, खास तुमच्यासाठी. २००३ मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या वित्त विषयाच्या विद्यार्थ्यांनी ओमाहाच्या भेटीत त्यांना क्लेटन होम्सचे संस्थापक जिम क्लेटन यांचं आत्मचरित्र भेट दिलं. बफे यांनी ते वाचलं, जिम यांच्या मुलाला फोन केला, आणि त्याच वर्षी १.७ अब्ज डॉलरला कंपनी विकत घेतली. बाकीचे बुडत असताना क्लेटन तरली त्याचं एक कारण, तिने कर्जं वाटताना थोडा हात आखडता ठेवला होता. पण दुसरं कारण साधं आहे: बर्कशायरकडे स्वस्त पैसा होता आणि बाजारात इतर सावकारच उरले नव्हते. सगळे बुडाल्यावर उरलेल्याचा नफा हा कौशल्याचा पुरावा मानायचा की नाही, यावर मी अजून माझ्या मार्गदर्शकांशी वाद घालते.

हे झालं मोठ्यांचं. लहान गुंतवणूकदारांची वाट वेगळी होती. नव्वदच्या दशकात व्हर्जिनियातल्या लॉनी स्क्रग्ज यांनी 'डील्स ऑन व्हील्स' हे पुस्तक लिहून एक युक्ती लोकप्रिय केली. पार्कातलं जुनं घर काही हजार डॉलर रोख देऊन घ्यायचं, थोडी डागडुजी करायची, आणि बँक ज्याला दारात उभं करत नाही अशा माणसाला दुप्पट किमतीला हप्त्यांनी विकायचं. ४,००० ला घेतलं, ८,००० ला विकलं, वर व्याज. कागदावर परतावा डोळे दिपवणारा.

प्रत्यक्षात काय होतं? घर रिकामं असलं तरी पार्कचं जागाभाडं चालूच राहतं, आणि ते तुम्हाला भरावं लागतं. चार महिने गिऱ्हाईक मिळालं नाही की नफ्याला भोक पडतं. नवा गिऱ्हाईक पार्कमालकाला पसंत पडला पाहिजे. त्याने नाही म्हटलं तर व्यवहार संपला. घर १९७६ च्या आधीचं असेल तर कित्येक पार्क आणि कित्येक शहरं ते बाहेरून आणूच देत नाहीत, म्हणजे उचलून दुसरीकडे नेणं हा पर्याय नाही. पर्याय असला तरी ट्रक, परवाने, जोडण्या, नवा पाया या सगळ्याचा खर्च जुन्या घराच्या किमतीएवढा किंवा जास्तही होतो. कागदाचा घोळ वेगळाच: मूळ मालक वारला, वाहनाचं प्रमाणपत्र हरवलं, जुना कर थकलाय. जमिनीवरच्या जमखाली सडलेलं लाकूड आणि छताची गळती हे तर नेहमीचंच. आणि हप्ते थकले की घर परत ताब्यात घ्यायचं म्हणजे एका कुटुंबाला बाहेर काढायचं. हे काम कुठल्या एक्सेल शीटमध्ये येत नाही.

२००८ चा सेफ कायदा आणि २०१० चा डॉड-फ्रँक कायदा यांनी त्यात भर घातली. राहत्या घरासाठी कर्ज देणाऱ्याला परवाना हवा, कर्जदाराला हप्ता परवडतो का ते तपासायला हवं, असे नियम आले. तपशील राज्याराज्यांत वेगळे, सवलतीही आहेत, पण हौशी सावकारीचे दिवस सरले. मला हे नियम योग्य वाटतात. त्याचबरोबर हेही खरं की लहान रकमेचं कर्ज द्यायला मोठ्या बँका तयार नसतात, त्यामुळे काही माणसांना कायदेशीर कर्ज मिळेनासं झालं. दोन्ही बाजू मोजून दाखवणारा अभ्यास करायचा असेल तर इथे जागा आहे.

या युक्तीने श्रीमंत झालेल्यांच्या कहाण्या खूप मिळतात. बुडालेले शिबिरं घेत नाहीत. सर्व्हायव्हरशिप बायस यापेक्षा सोपा करून सांगता येणार नाही.

मग नफा राहिला कुठे? घरात नाही, घराखाली. घराला घसारा आहे, जमिनीला नाही. नवे पार्क काढायला शहरं परवानगी देत नाहीत, त्यामुळे असलेल्या पार्कांना स्पर्धा नाही. आणि भाडेकरू घर उचलून नेऊ शकत नाही. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'यी विरुद्ध एस्कॉन्डिडो शहर' या खटल्यात पार्कच्या जागाभाड्यावरचं नियंत्रण घटनेला धरून आहे असा निकाल दिला. त्यात न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी नोंदवलं की 'मोबाईल' हे नाव दिशाभूल करणारं आहे. शंभरातलं जेमतेम एक घर नंतर कधी हलवलं जातं. दुसऱ्याच वर्षी, १९९३ मध्ये, सॅम झेल यांची मॅन्युफॅक्चर्ड होम कम्युनिटीज (आजची इक्विटी लाइफस्टाइल) आणि सन कम्युनिटीज या पार्कमालक कंपन्या शेअर बाजारात आल्या. पुढे खाजगी भांडवलाचे फंड आले, २०१६ मध्ये सिंगापूरचा सरकारी निधी जीआयसी सुद्धा आला. पार्क-गुंतवणुकीचे वर्ग घेणारे फ्रँक रोल्फ यांनी तर पार्कची तुलना अशा खानावळीशी केली होती जिथे गिऱ्हाईक बाकाला साखळीने बांधलेलं आहे. ते प्रामाणिकपणे बोलले असं म्हणावं लागेल.

आता यात गुंतवणूकदाराला अडचणी नाहीत असं नाही. जमिनीखालचे पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ पन्नास-साठ वर्षांचे, ते बदलायला निघालं की कित्येक वर्षांचं भाडं त्यातच जातं. काही शहरांत भाडेनियंत्रण. काही राज्यांत पार्क विकायला काढला तर आधी रहिवाशांना कळवणं बंधनकारक. पण भाडं वाढवणं हा सर्वांत सोपा मार्ग असतो. ते दरमहा पन्नास डॉलरने वाढलं तर पार्कची बाजारातली किंमत वाढते आणि त्याच दिवशी रहिवाशाच्या घराची किंमत उतरते, कारण ते घर घेणाऱ्याला आता जास्त भाडं भरायचंय. भाडेनियंत्रण असलं की उलटं होतं, घराची किंमत चढते. हे त्या निकालातही आलंय. मूल्य नाहीसं होत नाही, जागा बदलतं: घरातून जमिनीत, जमिनीतून घरात. त्यामुळे 'या गुंतवणुकीचा परतावा किती' असं विचारताना कुणाच्या वहीतून मोजायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि तो निर्णय संख्याशास्त्र आपल्यासाठी घेत नाही.

रहिवाशांनी स्वतः जमीन घेतली तर? १९८४ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मेरेडिथ गावात १३ कुटुंबांनी एका सामाजिक कर्जनिधीच्या मदतीने आपला छोटा पार्क सहकारी तत्त्वावर विकत घेतला. आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायटीसारखंच, फक्त जमिनीपुरतं. त्यातून २००८ मध्ये 'आरओसी यूएसए' ही देशव्यापी संस्था उभी राहिली, आणि असे सहकारी पार्क आता अनेक राज्यांत आहेत. बाहेरच्या गुंतवणूकदाराला यात नफा नाही, पण सावकाराला मात्र आहे. आपली जमीन असलेली माणसं हप्ता भरतात.

ज्यांना यावर काम करायचंय त्यांनी एक सापळा आधीच बघून ठेवावा. 'ही घरं किमतीत घसरतात' हे वाक्य तुम्हाला सगळीकडे सापडेल, मीही वर ५ टक्के घसारा धरलाय. पण अमेरिकेच्या फेडरल हाउसिंग फायनान्स एजन्सीने या घरांच्या किमतींचा निर्देशांक काढला तेव्हा त्या साधारण इतर घरांसारख्याच वाढताना दिसल्या. विरोधाभास वाटतो ना? तो निर्देशांक ज्या कर्जांवरून काढला ती गृहकर्जं आहेत, म्हणजे घर आणि जमीन एकाच मालकाची आणि कागद स्थावराचा. भाड्याच्या जागेवरची घरं त्यात मुळात नाहीतच. दोन गटांत घराचा दर्जा, मालकाचं उत्पन्न, गाव, कर्जाचा प्रकार सगळंच वेगळं. फक्त जमिनीच्या मालकीचा परिणाम किती, हे वेगळं काढायचं असेल तर सहकारी झालेले पार्क आणि न झालेले शेजारचे पार्क यांची आधीची-नंतरची तुलना करता येईल. घरविक्रीच्या नोंदी वाहन कार्यालयात असतात, जमिनीच्या नोंदी काउंटीत, आणि दोन्ही जोडायला एकच सामाईक ओळख क्रमांक नाही. ती जोडणी कशी करायची, त्यात किती नोंदी गळतात आणि गळालेल्या नोंदी कुणाच्या असतात, हे पुढच्या लेखात कोडसकट टाकते.